अष्टमीच्या सकाळी पुसलेली रेघ

१

रेघ कधी चोरीला जाते का? बालाघाट शहरात गेली. चांगली चारशे फूट लांब, चार बोटं रुंद, चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ. सप्तमीला रात्री ती राइसमिल गल्लीत होती, असं ओढणारा म्हणत होता. अष्टमीला सूर्य डोक्यावर आला तेव्हा ती नव्हती, असं बाकी सगळे म्हणत होते.

एरवी एका रेघेसाठी कोणी डोकं फोडून घेतलं नसतं. पण दुर्गाउत्सवात मेन रोड झांक्यांनी, म्हणजे देवीच्या देखाव्यांनी, आणि माणसांनी गच्च भरला की गाडीला इस्पितळाकडे जायला राइसमिल गल्ली ही एकच वाट उरते. रेघेच्या आत, घरांना लागून, फक्त फटफट्या लावायच्या. रेघेबाहेर कोणाचं चाकही दिसता कामा नये. अष्टमीच्या संध्याकाळी रेघच नाही म्हटल्यावर लोकांनी कार आणि पिकअप जागा दिसेल तिथे घुसवल्या. साप चावलेल्या हेमराजला लामत्याहून घेऊन आलेली अँब्युलन्स त्या गर्दीत एकोणीस मिनिटं अडकली. हेमराज वाचला. पण अजून पाच मिनिटं गेली असती तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी इतक्या उघड शब्दांत सांगितलं की शहर परिवहन कक्षातल्या लोकांची पाचावर धारण बसली.

नवमीला सकाळी नऊ वाजता कक्षाचे अधिकारी महेंद्र बोपचे साहेब यांनी एक टाइप केलेला कागद आम्रपाली गजभियेपुढे सरकवला. उत्सवाच्या वाहतुकीची सगळी आखणी आम्रपालीची. कटंगी आणि खैरलांजीच्या बसगाड्या गावाबाहेर कुठे थांबवायच्या, तिथून माणसं आत आणायला ई-रिक्षा किती, कोणता चौक किती वाजता बंद, हे सारं तिच्या नकाशावर. चार दिवस तिला धड जेवायला मिळालं नव्हतं. फोन वाजायचा थांबत नव्हता आणि तो थांबला की तिला जास्तच धास्ती वाटत होती.

कागद टिकाराम बोरकरला कामावरून काढण्याचा होता.

"त्यानं रेघ ओढलीच नाही. झोपा काढल्या," साहेब म्हणाले. "पाच वाजता यावर सही करतो. वरती जवाब द्यायचा आहे मले."

टिकाराम चौदा वर्षं रोजंदारीवर होता. कायम होण्याची त्याची फाईल आता कुठे शेवटच्या टेबलाजवळ पोचली होती, आणि ती टेबलाटेबलावरून फिरवली होती आम्रपालीनं. हा कागद निघाला की चौदा वर्षं पाण्यात.

"पाच वाजेपर्यंत वेळ द्या, सर," ती म्हणाली. "रेघ ओढली असन, तं ती पुसली कोनं ते मी शोधते."

"आन ओढलीच नसन तं?"

आम्रपाली तोवर दारात पोचली होती.

२

टिकाराम कक्षाच्या मागच्या शेडमध्ये बॅरिकेडच्या ढिगाऱ्यावर बसला होता. पन्नाशीचा, काटकुळा माणूस. ती आली तसा उठून उभा राहिला.

"बसा, टिकारामभाऊ. रेघ ओढली होती का तुमी?"

"ओढली जी. मिलपासून तं इस्पितळाच्या वळनापर्यंत. साडेदहाले घरी गेलतो."

"कोनी पाह्यलं?"

"त्या टायमाले सारे देवीपाशी होते. कोन पाह्यते?"

"मंग सकाळी कुठी गेली ती?"

टिकारामनं मान फिरवली. बाजूच्या पाट्या उगाच सरळ करू लागला.

"मले नाई माहीत."

आम्रपालीनं बारा वर्षं या माणसाबरोबर काम केलं होतं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे ते त्याला जमतही नव्हतं. रेघ ओढली, हे म्हणताना तो तिच्याकडे पाहत होता. माहीत नाही म्हणताना पाट्यांकडे.

"कोनाले वाचवून राह्यले का तुमी?"

"जाऊ द्या ना मॅडम. गरिबाची नोकरी, गेली तं गेली."

तिला त्याचा असा राग आला की विचारता सोय नाही. चौदा वर्षांची नोकरी जात होती आणि हा माणूस पाट्या लावत होता! तिनं आणखी चार वेळा विचारलं, चारही वेळा तेच. शेवटी ती स्कूटीला किक मारून निघाली. याला कोणाचा तरी धाक आहे, हे तिनं मनाशी पक्कं केलं, आणि धाक घालू शकतील अशी दोन नावं तिच्या जिभेवरच होती.

३

पहिलं नाव दुलीचंदचं. चाटवाल्यांचा हा पुढारी. यंदा त्यांच्या गाड्या राइसमिल गल्लीतून उठवल्या, तेव्हा भर बैठकीत त्यानं टेबलावर हात आपटला होता. पाहतोच तुमची रेघ किती दिवस टिकते, हे त्याचे शब्द. ते बैठकीच्या वृत्तांतातसुद्धा होते.

दुलीचंद मेन रोडवर कढईपुढे घामानं निथळत होता.

"बोललो होतो. नाई म्हनत नाई," तो म्हणाला. "गुस्सा आला होता. पण मॅडम, पुसायचीच असती तं पयले माह्या गोडाऊनपुढची पुसली असती ना? तिच्यापायी मले शटरपुढं गाडी लावता येत नाई. जाऊन पाहा, तिथी रेघ अजून जशीच्या तशी हाय."

आम्रपाली दचकली. "अजून आहे?"

"आहे म्हन्जे? सकाळी तिच्यावरच पाय ठेवून आलो मी!"

रेघ आहे? मग साहेबांचा अर्धा आरोप इथेच कोसळत होता. तिला गल्लीत धावावंसं वाटलं, पण दुसरं नाव वाटेतच भेटलं.

धर्मेंद्र, ई-रिक्षावाल्यांचा नेता. गल्ली ई-रिक्षांना बंद झाल्यामुळे त्याच्या लोकांना काली पुतली चौकातून वळसा पडत होता, आणि त्याबद्दल तो दिवसातून तीनदा भांडत होता. आत्ताही भांडायलाच थांबला होता.

"अष्टमीले सकाळी कुठी होते तुमी?" तिनं त्याला बोलूच दिलं नाही.

"तुमच्यासंगच तं होतो! कटंगी नाक्यावर, पाच वाजल्यापासून. साऱ्या गाड्या तिथी. सवाऱ्या उतरवून राह्यलो होतो आमी, आन तुमी बसवाल्याले शिव्या देऊन राह्यल्या होत्या."

हे खरं होतं. आणि दुसरंही एक. ई-रिक्षा फिरल्या असत्या तर फक्की चाकांनी फरफटली असती, रस्ताभर पांढरे पट्टे उमटले असते. काल लोकांनी काढलेल्या गल्लीच्या फोटोंत तसं काही नव्हतं. ज्यानं पुसली त्यानं ती सावकाश, स्वच्छ पुसली होती.

दोन्ही नावं खोडली गेली. घड्याळात पावणेबारा झाले होते. ज्याला धाक घालायचा तो माणूस शिल्लक होता, पण घालणारा कोणी उरला नव्हता.

४

राइसमिल गल्लीत पोचून तिनं स्कूटी भिंतीला लावली आणि चालायला सुरुवात केली. गल्ली जुनी, घरं थेट रस्त्यावर उघडणारी. उंबरठ्यातून पाय काढला की सिमेंटचा रस्ता. नवमीचे चौक, म्हणजे रांगोळ्या, दारोदारी काढलेले. कुठे हळदीकुंकू, कुठे झेंडूच्या पाकळ्या. त्यांवर पाय पडू नये म्हणून ती रस्त्याच्या मधूनच चालली.

मिलच्या भिंतीशी रेघ होती. साठेक फूट, ठसठशीत. मग दहाबारा घरं काहीच नाही. मग दुलीचंदच्या गोडाऊनच्या बंद शटरपुढे बारा फूट. पुन्हा काही नाही. पुढे एक कुलूपबंद घर, तिथे रेघ. त्या घरचे लोक दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जातात, सप्तमीलाच निघाले होते. आणि पार शेवटाकडे, एका निळ्या दाराच्या घरासमोर, आणखी एक तुकडा.

म्हणजे टिकारामनं रेघ ओढली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत! तिच्या जिवात जीव आला. पण लगेच साहेबांचा आवाज तिच्या कानात बोलला: चार तुकडे ओढले आणि घरी पळाला, दुसरं काय?

ती निळ्या दारासमोर उकिडवी बसली. रेघेचा तुकडा दोन्ही बाजूंना सुरीनं कापावा तसा संपत होता. घराच्या भिंतीची हद्द जिथे संपते, बरोबर तिथे.

दार उघडलं. पांढऱ्या साडीतली, चाळिशीची एक बाई बाहेर आली. गीताबाई.

"काय पाह्यता, बाई?"

"ही रेघ. तुमच्याच दारापुढं कशी राह्यली?"

"काहाची रेघ?" गीताबाईनं खाली पाहिलं. तिला ती आत्ताच दिसली असावी. "मले काय माहीत. सासरे वारले ना आमचे, आज सातवा दिवस. सुतक आहे. दारात निघालीच नाई मी."

आम्रपालीनं दाराकडे पाहिलं. मग तिनं हळूच मान वळवली. गीताबाईच्या दारापुढे चौक नव्हता. शटरपुढे नव्हता. कुलपापुढे नव्हता. मिलच्या भिंतीला तर दारच नव्हतं.

जिथे चौक नाही तिथे रेघ होती. जिथे चौक होता तिथे रेघ नव्हती.

ती ताडकन उठली.

५

"हौ, आमीच पुसली," कमलाबाई म्हणाली. गीताबाईची शेजारीण, सत्तरीची, आवाज मात्र खणखणीत. "अष्टमीले पहाटे उठलो, पाह्यलं तं दारापुढं चुना सांडला. सन आहे, दारात असं ठेवते का कोनी? पानी टाकलं, झाडलं, सडा टाकला, चौक काढला. साऱ्याइनंच काढला आपापला."

म्हणजे चोर एक नव्हताच. पंचवीस बायकांनी पंचवीस दारांपुढची रेघ सणासाठी धुतली होती, प्रत्येकीनं आपल्यापुरती. पूर्ण रेघ गेली हे त्यांच्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं. आम्रपालीला हसू फुटलं. ती राहते सरकारी क्वार्टरच्या तिसऱ्या मजल्यावर; तिच्या दारापुढे जिना आहे. सडा पडतो तो रस्ता तिनं रोज पाहिला होता, पण त्याचा विचार कधी केला नव्हता.

टिकाराम सुटला! ती फोन काढून साहेबांना लावणारच होती, तेवढ्यात तिचा अंगठा थांबला.

"कमलाकाकू, सडा तं तुमी दरसाल टाकता ना?"

"मंग? लगन होऊन आली तवापासून."

"आन रेघ बी दरसाल असते. मागच्या साली काहून नाई पुसली?"

"अवो, मागच्या साली ती तिकडं दूर होती, रस्त्यात! तिथवर कोनाचं पानी जाते? यंदा तं उंबरठ्याले येऊन लागली." कमलाबाई कमरेवर हात ठेवून बघू लागली. "कोन्या अकलेच्या कांद्यानं आनली ती इतकी जवळ?"

आम्रपालीनं पर्समधून टेप काढली. गीताबाईच्या उंबरठ्यापासून तुकड्यापर्यंत मोजलं. चार फूट.

मागच्या वर्षी नऊ फूट होती, हे तिला तोंडपाठ होतं. नऊचे चार कोणी केले, हेही. ते टिकारामनं केले नव्हते. त्याच्या हातात नकाशा होता. कार आतमध्ये लावू द्यायच्याच नाहीत, फक्त फटफट्या. म्हणजे अँब्युलन्सला पाच फूट जास्त. कल्पना उत्तम होती. ऑफिसच्या टेबलावर, पट्टी ठेवून, लाल पेनानं ती रेघ जवळ आणली होती आम्रपाली गजभियेनं.

तिला बसावंसं वाटलं. कमलाबाईनं पायरीवर जागा करून दिली, पाणी दिलं. आणि काय झालं ते सगळं ऐकून घेतलं.

"तं आमाले सांगाचं होतं ना, बेटा," ती एवढंच म्हणाली.

सांगायचं होतं. पेपरात दिलं, पोलिसांना दिलं, मंडळांना दिलं, बसमालक, ई-रिक्षावाले, चाटवाले, सगळ्यांबरोबर बैठका घेतल्या. ज्यांच्या दारापुढून रेघ जाणार त्या पंचवीस बायकांना मात्र कोणी अवाक्षर सांगितलं नाही.

"उद्या पहाटे दसऱ्याचा सडा आहेच," आम्रपाली म्हणाली. "म्हन्जे आज ओढली तरी उद्या..."

"ते आमच्यावर सोड." कमलाबाईनं पदर खोचला. "चार फुटांवर पायजे ना? मंग आमीच काढतो. रांगोळीची. जिची तिच्या दारापुढं. उद्या सडा झाला का अजून काढू. कोन लेकाचा गाडी लावते तिच्यावर, पाहू."

अडीच वाजले होते. गीताबाईच्या दारचा तुकडा तसाच ठेवायचं ठरलं. बाकी गल्लीभर कमलाबाईचा आवाज घुमू लागला.

६

शेडमध्ये टिकाराम अजून पाट्याच लावत होता. आम्रपाली त्याच्यासमोर उभी राहिली.

"सडा टाकताना रेघ जाईन, हे तुमाले रात्रीच समजलं होतं ना?"

त्यानं आणखी एक पाटी सरळ केली.

"तुमी तं अशाच गल्लीत राहनारा मानूस. तुमच्याही दारी सडा पडते. समजलं नसन, असं मी मानत नाई." तिनं फोन पुढे धरला. सप्तमीच्या दिवशीचे एकशे त्रेचाळीस कॉल. त्यांतला एक रात्री नऊ वाजून दहा मिनिटांचा, टिकारामचा, वीस सेकंदांचा. "काय बोलले होते तुमी?"

"राहू द्या ना जी."

"सांगा."

"म्हटलं, मॅडम, रेघ दाराजवळ येऊन राह्यली. टिकनार नाई."

"आन मी?"

टिकारामनं तिच्याकडे पाहिलं नाही. "तुमी म्हटलं, नकाशा तुमी बनवला का मी बनवला? आन फोन कट केला."

तिला ते वाक्य आता ऐकू आलं, स्वतःच्या आवाजात, कटंगी नाक्यावरच्या बसच्या हॉर्नमधून.  सकाळपासून ती ज्याला शोधत होती, टिकारामला ज्याचा धाक होता, तो माणूस कोण हे तिला आता कळलं.

"साहेबाले काहून नाई सांगतलं हे?"

"काय सांगू? तुमच्यावर टाकू? माही फाईल दोन साल घेऊन फिरून राह्यल्या तुमी. आफिसात मले भाऊ म्हननारं दुसरं कोनी हाय का?" त्यानं हातातली पाटी खाली ठेवली. "तुमाले काई झालं असतं, तं मले झोप आली असती का?"

आम्रपालीला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. मग डोळे पुसले आणि घड्याळ पाहिलं. साडेचार.

७

"म्हणजे बायांनी पुसली!" बोपचे साहेब खुर्चीत सैलावले. "मिटलं तर मग. स्थानिक रहिवाशांच्या सहकार्याअभावी, असं लिहून टाकू."

"त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, सर. आणि रेघ त्यांना न विचारता तिथे आणायलाच नको होती." आम्रपालीनं नकाशा टेबलावर पसरला. "नऊ फुटांचे चार फूट मी केले. गल्लीत न जाता केले. टिकारामभाऊंनी फोन करून सावध केलं, ते मी ऐकलं नाही. चूक माझी आहे. खाली सही माझी."

साहेबांनी चष्मा चढवला. सही पाहिली. मग त्यांची नजर वर सरकली आणि तिथेच अडकली. नकाशाच्या वरच्या कोपऱ्यात 'मंजूर' लिहिलेलं होतं, आणि त्याखाली महेंद्र बोपचे अशी वळणदार सही.

बाहेर झांकीचे ढोल सुरू झाले होते. साहेबांनी टिकारामचा कागद उचलला, फाडला, टोपलीत टाकला. मग नकाशाची घडी घालून तो प्रेमानं तिच्याकडे सरकवला.

"मॅडम, उत्सवाची गडबड आहे. तुम्ही घरच्यासारख्या. हे आपण नंतर शांतपणे पाहू."

"नंतर म्हणजे कधी, सर?"

"दिवाळी होऊ द्या."

तिला हेच ऐकण्याची भीती होती, आणि क्षणभर तेच हवंही होतं. कोणी तिला विचारणार नव्हतं. हेमराज बरा होऊन लामत्याला जाणार होता. पण टोपलीतले तुकडे तिला दिसत होते.

"टिकारामभाऊंचा कागद एका रात्रीत तयार झाला, सर," ती म्हणाली. "माझाही आत्ताच होऊ द्या."

 दाराजवळच्या टेबलावरचा टायपिस्ट रजत बोटं हवेत धरून थांबला होता. तिच्या नावाचा कागद वरती गेला की 'मंजूर' कोणी केलं हेही विचारलं जाणार, हे खोलीतल्या तिघांनाही कळत होतं.

"लिही रे," शेवटी साहेब म्हणाले.  "कारणे दाखवा."

पाच वाजून दहा मिनिटांनी आम्रपालीनं स्वतःच्या नोटिशीवर पोच लिहून दिली.

राइसमिल गल्लीत पंचवीस बायका ओळीनं ओणव्या झाल्या होत्या. प्रत्येकीची रांगोळी वेगळी, कोणाची जाड, कोणाची वेलीची, पण सगळी चार फुटांवर. एक पांढरी कार आत शिरू पाहत होती. कमलाबाई तिच्या बॉनेटसमोर नुसती उभी राहिली आणि कार मागे गेली. टिकाराम टेप घेऊन अंतर तपासत होता. आम्रपालीनं नोटीस त्याच्या हातात दिली. त्यानं ती सावकाश वाचली आणि भडकला.

"हे काय करून बसल्या तुमी? आता माही फाईल कोन फिरवन?"

"मीच फिरवीन. नोटीस आली, नोकरी नाई गेली." तिनं बॅगेतून उद्याच्या दसऱ्याचा नकाशा काढला. "आता माह्यासंग चला. पुरा रस्ता, पायी. जिथी तुमाले हा नकाशा चुकला वाटन, तिथी मले थांबवा."

त्यानं नोटिशीची घडी करून तिला परत दिली आणि चालू लागला. दहा पावलंही झाली नसतील, की थांबला.

"इथी," टिकाराम म्हणाला.

आम्रपालीनं पेन काढला.